दोनशे चाळीस बोरं

अप्पांचा आकडा दोनशे एकतीसवर गेला त्या सकाळी 'म्हेतर परिवार' या आमच्या ग्रुपवर फुलांचा, फटाक्यांचा आणि जोडलेल्या हातांचा नुसता चिखल झाला. हुपरीच्या आत्यांनी जोतिबाचा नवस फेडायची तारीख जाहीर केली. जयसिंगपूरचा चुलतभाऊ पाच वर्षांत अप्पांना एकदाही भेटला नव्हता. त्याने लिहिलं, 'आमचे काका, आमचा अभिमान.' माझा धाकटा भाऊ महांतेश नेदरलँड्सला असतो. त्याने चढत्या रेघेचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'विज्ञानावर विश्वास ठेवा.'

त्याच वेळी मी इचलकरंजीत अप्पांसमोर चहाचा कप घेऊन उभी होते आणि अप्पा मला विचारत होते, "मीटर बघायला आलायसा काय बाई? मीटर भाईर हाय, जिन्याखाली."

मोबाइलवर माझ्या नावापुढे हिरवी खूण होती. 'मुलगी, तेजस्विनी. ओळख पटली, १४ मार्च.' आता ऑगस्ट चालू होता.

मी पुण्यात 'सांजवात' नावाच्या कंपनीत प्रोग्रॅमर होते; मार्चपासून इचलकरंजीत अप्पांजवळ राहून घरूनच काम करायचे. म्हाताऱ्यांना काही विकायचं असलं की आपल्याकडे नावं सुचतात ती अशीच. सांजवात, पिंपळपान, सावली. आमचं दुकान स्मृतिभ्रंशाचं होतं. आम्ही एक चष्मा बनवायचो आणि त्यावर चालणारा एक खेळ. खेळाचं नाव 'वेचणी'. २०३८ साली महाराष्ट्रात चाळीस हजार घरांत तो चष्मा होता, आणि त्या चाळीस हजारांतले एक माझे वडील, विरूपाक्ष म्हेतर, वय बहात्तर. उभा जन्म त्यांनी यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढला. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग पुन्हा चालू करणारा माणूस. चाळीस माग एकदम चालत असताना त्यातला कुठला बिघडलाय, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे.

चष्म्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. माणसाला ओळखीची वस्तू दिसली, की साधारण एक तृतीयांश सेकंदाने त्याच्या मेंदूच्या विद्युतलहरीत एक लहानसा उंचवटा येतो. तोंडाने नाव सांगता आलं नाही, तरी उंचवटा येतो. चष्म्याच्या काड्या कानामागे टेकतात, तिथे तो टिपता येतो. मग घरच्यांनी दोनशे चाळीस ओळखीच्या गोष्टींची यादी भरायची: देवघर, तांब्या, मुलगा, मुलगी, गल्लीतला नळ. पेशंटला त्या गोष्टींवर एक सोनेरी ठिपका दिसतो. तो बघतो, उंचवटा आला की टुण्ण असा आवाज होतो, वस्तू टोपलीत पडते, आणि घरच्यांच्या मोबाइलवर आकडा एकाने वाढतो.

त्या दिवशी चहा सिंकमध्ये ओतून मी लॅपटॉप उघडला. टोपलीचा भाग कुणी लिहिलाय ते मला बघायचं होतं. एवढा मोठा वैद्यकीय खेळ; मला वाटलं, कुणी डॉक्टर, कुणी संख्याशास्त्राचे प्राध्यापक असतील. फाइल उघडली आणि माझाच अकरा ओळींचा कोड समोर आला.

बारा वर्षांपूर्वी, कंपनी लहान मुलांचे खेळ बनवत होती तेव्हा, एका दुपारी मी तो लिहिला होता. खेळात एक मुलगी रानात बोरं वेचायची. कोड कुणालाही समजेल इतका साधा. प्रत्येक बोराला एक खण. सुरुवातीला सगळ्या खणांत 'नाही'. मुलगी बोराला शिवली, की त्या खणात 'हो'. मग बोर पडद्यावरून पुसून टाकायचं, म्हणजे तेच बोर दोनदा वेचता येत नाही. शेवटी किती 'हो' झाले ते मोजायचं आणि कोपऱ्यात दाखवायचं. झालं.

'हो'चं परत 'नाही' करणारी ओळ त्यात नव्हती. ती कशाला असेल? वेचलेलं बोर परत झाडाला लागत नाही.

कंपनीतल्या कुणा हुशार माणसाने तो तुकडा जसाच्या तसा उचलला होता. नावसुद्धा बदललं नव्हतं. माझ्या वडिलांच्या डोक्यातली माझी ओळख ज्या खणात ठेवली होती, त्याचं नाव होतं 'बोर १७'.

अप्पांनी मला एकदा, चौदा मार्चला, ओळखलं होतं. किंवा त्या क्षणी त्यांना खोकला आला असेल. खोकल्यानेही उंचवटा येतो. त्यानंतर त्यांनी मला ओळखलं नाही त्या प्रत्येक वेळेची नोंद चष्म्याने ठेवली होती, पण ती नोंद कुणी वाचत नव्हतं. आकडा फक्त वर जाऊ शकत होता. माणूस कितीही विसरत गेला तरी आकडा वरच.

आणि हे लोक फटाके पाठवत होते.

दोन दिवसांनी कंपनीकडून आणखी एक अभिनंदन आलं. राज्याच्या एका योजनेतून अप्पांना आधीपासूनच दिवसभराची मदतनीस मिळालेली होती, रेहाना मुजावर. योजनेने आमच्या आकड्यावर विसंबून नियम केला होता: नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला पेशंट 'स्वावलंबी'. त्याची मदतनीस महिनाअखेर बंद.

रेहानाने पत्र वाचलं आणि घडी करून कॅलेंडरमागे खोचलं. पन्नाशीची, बारीक, कमी बोलणारी बाई. "स्वावलंबी म्हंजे काय ओ ताई?" तिने विचारलं. "काल अप्पांनी साबण खाल्ला."

मी महांतेशला फोन लावला.

"अक्का, शहाण्णव टक्के आहेत," तो म्हणाला. "मला तरी कुठे इतके पडले होते?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

"महांतू, ते मला मीटरवाली समजतात."

"तू रोज समोर असतेस म्हणून तुला तसं वाटतं. आपल्याला चांगले दिवस आठवत नाहीत, वाईटच आठवतात. म्हणूनच तर मोजायचं असतं."

"ते मोजमाप माझं आहे. बोरं मोजायला लिहिलेलं."

"मग तर अभिमान वाटायला हवा तुला."

"दहा मिनिटं व्हिडिओवर त्यांच्याशी बोल. चष्मा काढून ठेवते."

"आत्ता मीटिंग आहे, अक्का." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तू दमली आहेस. कुणाशी तरी बोल."

हा मुलगा लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून कारखान्यात जायचा. आता बापाची चौकशी करायची म्हणजे मोबाइल वर करून आकडा बघायचा, आणि दिवस मार्गी लागायचा. मला त्याची किळस आली. पण यादी मी भरली होती, हेही तेव्हाच आठवलं. पुण्यात, एका रविवारी, दोन तासांत. दोनशेपर्यंत गेल्यावर सुचेना, म्हणून महांतेशच्या गाडीचा फोटो टाकला, माझ्या सोसायटीचं गेट टाकलं. घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अप्पांना भरवणारी, आंघोळ घालणारी रेहाना त्या यादीत नव्हती.

मी एक प्रयोग केला. ओळख नसतानाही शंभरातून चार वेळा चुकून उंचवटा सापडतो, हे आमच्याच चाचण्यांत नोंदलेलं होतं. मी संगणकात एक रिकामं डोकं तयार केलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, कुणीच ओळखीचं नव्हतं, फक्त शंभरात चार वेळा ते उगाच दचकायचं. त्याला आमचा खेळ खेळायला लावला. प्रत्येक वस्तू अठ्ठ्याहत्तर वेळा दाखवून संगणकाने दोन मिनिटांत खेळ संपवला. रिकाम्या डोक्याने दोनशे चाळीसपैकी दोनशे तीस गोष्टी 'ओळखल्या' होत्या. अप्पांपेक्षा एकच कमी.

मग मी खरा हिशेब लिहिला. खणात 'हो' किंवा 'नाही' न ठेवता शेवटच्या दहा वेळांचा निकाल ठेवायचा. दहांतून सहादा ओळख पटली असेल तरच वस्तू टोपलीत, नाहीतर बाहेर. चार ओळी वाढल्या. जुन्या नोंदी होत्याच. अप्पांचा आकडा दोनशे एकतीसवरून एकोणसाठवर आला. त्यात आईचा फोटो होता, पान कुटायचा खलबत्ता होता, मागाचे सगळे सुटे भाग होते. महांतेश नव्हता. मीही नव्हते. मी मुद्दाम रेहानाचं नाव माझ्या चाचणीपुरत्या यादीत घालून दोन दिवस थांबले. दहांतून नऊ.

महिनाअखेरीला रेहाना गेली. तिला लगेच शिरोळला दुसरं घर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी पुण्याला निघाले. शेजारच्या कुडचे काकूंना सांगितलं, दर तासाला डोकावून या. एका दिवसाचा प्रश्न होता.

शार्दूल ओक 'वेचणी'चा प्रमुख. त्याच्या खोलीत भिंतभर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. भाड्याने आणलेले म्हातारे. एकाच्याही दाताला फट नव्हती. मी त्याला रिकाम्या डोक्याचा आलेख दाखवला. त्याने तो शांतपणे बघितला.

"हे आम्हाला तीन वर्षांपासून माहीत आहे," तो म्हणाला.

मी आलेख त्याच्याकडे आणखी सरकवला.

"आकडा खाली येणारी आवृत्ती आम्ही पाचशे घरांत देऊन बघितली होती. सहा आठवड्यांत दोन तृतीयांश लोकांनी चष्मा कपाटात टाकला. वापरच बंद. मग त्या पेशंटचा काय फायदा? तेजस्विनी, लोकांना आजाराची मोजदाद नको असते. त्यांना सकाळी उठल्यावर काहीतरी बरं दिसायला हवं असतं. आपण ते देतो."

"आणि योजनेला? मदतनीस काढून घेतात ते या आकड्यावर."

"योजनेने आकडा कसा वापरावा हे आपण ठरवत नाही. आपल्या माहितीपत्रकात खाली स्पष्ट लिहिलंय, 'केवळ मनोरंजनासाठी'."

"मुंगीएवढ्या अक्षरांत."

"पण लिहिलंय," असं म्हणून तो हसला. असा समाधानी चेहरा मी फक्त चांगलं जेवण झालेल्या माणसांचा बघितलाय.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर टुण्ण वाजलं. टेबलावरच पडला होता, दोघांनाही दिसलं. 'अभिनंदन! विरूपाक्ष म्हेतर: २३२.'

"बघ!" शार्दूल म्हणाला. "तू इथे माझ्याशी भांडतेस आणि तुझे वडील तिकडे प्रगती करताहेत."

कुठली वस्तू, ते बघायला मी बोटाने संदेश उघडला. 'कारखान्याचं गेट. ओळख पटली, सकाळी ११:४२.'

कारखाना आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर होता. रेहाना बरोबर असताना रिक्षाने जाता यावं म्हणून मी ते गेट यादीत घातलं होतं. आता अप्पांबरोबर कुणी नव्हतं.

आणि मग मला माझ्या अकरा ओळींतली नववी ओळ आठवली. वेचलेलं बोर पडद्यावरून पुसायचं. घराचं दार, गल्ली, नळ, मारुतीचं देऊळ, सगळं अप्पांनी मार्चपूर्वीच 'वेचलं' होतं. त्यांच्यावर ठिपके उरले नव्हते. चष्म्यात फक्त न सापडलेल्या नऊ गोष्टी चमकत होत्या, आणि खेळ त्यांच्याकडे बाण दाखवत होता. त्यांना घरी परत आणणारी एकही खूण त्या चष्म्यात शिल्लक नव्हती.

मी कुडचे काकूंना फोन केला. "आत्ताच बघून आले, झोपलेत," त्या म्हणाल्या. मग धावण्याचा आवाज, दाराचा आवाज. "अगं तेजू, पांघरूणच आहे नुसतं."

कारखान्याच्या जागी आता इमारत झाली आहे. जुन्या गेटचा एक दगडी खांब तेवढा राहिला आहे. अप्पा भर उन्हात तिथवर चालत गेले, खांब ओळखला, टुण्ण ऐकलं, आणि पुढचा बाण पकडून वळले. पुढे गटारीचं काम चालू होतं. खड्डा यादीत नव्हता, त्यामुळे त्यावर ठिपका नव्हता. गवंड्यांनी त्यांना वर काढलं.

मी संध्याकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा खुबा मोडल्याचं कळलं होतं. चष्मा मात्र शाबूत होता. पुण्याहून येताना गाडीत मी ग्रुप उघडला होता. २३२ च्या खाली महांतेशचा अंगठा होता, आत्यांचे फटाके होते. बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे अप्पा खड्ड्यात पडून होते तेव्हा, जयसिंगपूरच्या चुलतभावाने लिहिलं होतं, 'काका थांबायचं नाव घेत नाहीत.'

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांना शस्त्रक्रियेला नेलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. तातडीच्या दुरुस्त्या सगळ्या घरांना पाठवायची पाळी त्या आठवड्यात माझी होती. पासवर्ड माझ्याकडे होता. त्या चार ओळी तयार होत्या. वरिष्ठांची संमती घेतली का, असा एक चौकोन येतो. त्यावर मी 'हो' अशी खूण केली. इतकी वर्षं सगळ्या खोट्या 'हो'चं खापर मी दुसऱ्यांवर फोडत होते. हा माझा होता, समजून उमजून केलेला.

दोन वाजून वीस मिनिटांनी चाळीस हजार घरांतले आकडे कोसळले.

मला वाटलं होतं, लोक कंपनीवर चिडतील. कसले चिडतात! त्यांनी मदतकेंद्रावर फोन करून आपापले आकडे परत मागितले. 'आमच्या आईचे दोनशे चार होते, ते द्या.' एकाने पोलिसांत जायची धमकी दिली. कुणीतरी त्याच्या वडिलांच्या आठवणी चोरल्या होत्या. कंपनीने रात्रीच्या आत जुनी आवृत्ती परत बसवली आणि 'एका कर्मचाऱ्याच्या बेजबाबदार कृत्या'बद्दल माफी मागितली. माझं नाव बाहेर कसं पडलं ते ठाऊक नाही, पण पडलं. नोकरी गेली, ते ओघानेच आलं.

शिव्यांच्या फोनांना मी घाबरत नव्हते. उलट मजा वाटायची. शेळीला कोल्ह्याने फसवलं आणि शेळी मेंढपाळावर चिडली, असा तो सगळा प्रकार. एक आठवडा मी सगळ्यांना त्याच तुच्छतेने उत्तरं देत होते. मग अकोल्याहून एका बाईंचा फोन आला. शोभना वानखडे नाव सांगितलं. आवाज अगदी शांत.

"तुम्हीच का त्या? माझ्या मिस्टरांचे दोनशे एकोणीस होते. तुमच्या त्या दिवशी चार झाले."

"खरे चारच आहेत, ताई," मी म्हणाले. "तुम्हाला फसवत होते."

"मला? मला कोण फसवणार? चौतीस वर्षं संसार केलाय त्यांच्यासोबत. ते मला ओळखत नाहीत हे मला तुमच्या मशीनने सांगायचं? आमचं घर एकत्र आहे. दोन दीर, त्यांच्या बायका, पोरं. आकडा लागायच्या आधी त्यांना कुणी पंगतीला बसवत नव्हतं. मागच्या खोलीत ताट सरकवायचे. दोनशेवर गेले तेव्हा दीर येऊन त्यांच्याजवळ बसायला लागले. पोरं पाया पडायला लागली. त्या दिवशी चार दिसले, त्या संध्याकाळपासून पुन्हा मागची खोली. जुना आकडा परत आला, पण आता घरात सगळ्यांना माहीत झालंय."



"तुम्ही खरंच बोलल्या असाल," त्या म्हणाल्या. "पण मला विचारायचं होतं ना आधी." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या सगळ्यांना मी मूर्ख समजत होते. आकड्यावर विश्वास ठेवणारे मूर्ख. त्यातल्या कितीजणांचा विश्वास नव्हताच, कितीजण तो आकडा आपल्या माणसापुढे ढालीसारखा धरून उभे होते, हे मोजायला मी एकही खण ठेवला नव्हता. शार्दूलला मी नालायक म्हणत होते, अजूनही म्हणते. पण चाळीस हजार घरांचं भलं कशात आहे ते एका बाकावर बसून, कुणालाही न विचारता ठरवायची सवय आम्हा दोघांचीही सारखीच निघाली.

खरे आकडे दिसत होते त्या काही तासांत योजनेच्या कचेरीतल्या कुणीतरी ते उतरवून घेतले होते. तीन महिन्यांनी हुकूम निघाला: खेळाच्या आकड्यावरून मदतनीस बंद करू नये, डॉक्टरांनी घरी येऊन बघावं. याबद्दल कुणी माझे आभार मानले नाहीत, आणि मानू नयेत. 'सांजवात'ने तोवर दोन्ही आवृत्त्या विकायला काढल्या होत्या. एकीचं नाव 'आशा', दुसरीचं 'वास्तव'. शंभरातली तीन घरं 'वास्तव' घेतात, असं ऐकते.

महांतेश डिसेंबरात आला. एकोणसाठ बघून आला. शहाण्णव टक्क्यांनी त्याला आणलं नसतं. कॉटजवळ खुर्ची ओढून बसला, अप्पांचा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "अप्पा, मी महांतू."

अप्पांनी त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून उलटीसुलटी बघितली. "कापड बरं हाय," ते म्हणाले. "कुठल्या मालकाचं?"

महांतेश स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकला. "अक्का, माझ्या मोबाइलवर जुनंच ठेव," तो म्हणाला. "मी तिकडे असतो. मला एवढं तरी राहू दे."

अकोल्याच्या त्या फोनाआधी हे ऐकून मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी मोबाइल घेतला आणि 'आशा' निवडून दिला. तिरस्कार गेला नव्हता. फक्त तो आता नुसता त्याच्यावर राहिला नव्हता, आणि वाटून घेतलेला तिरस्कार फार काळ जळत नाही.

रेहाना जानेवारीत परत आली. चष्मा आम्ही काढून ठेवला. मी आता पुण्याला जात नाही. इथल्याच दोन-तीन गिरण्यांसाठी घरबसल्या प्रोग्रॅम लिहिते. रोज सकाळी अप्पांना माझं नाव सांगते. कधी मी मीटरवाली असते, कधी नर्स, एकदा तर त्यांची मावशी झाले.

परवा सकाळी रेहाना त्यांच्या उशीचा अभ्रा शिवत होती आणि दोरा तुटला. मी तुटलेली टोकं घेऊन गाठ मारायला लागले. अप्पा कॉटवरून बघत होते. तिसऱ्यांदा गाठ सुटली तेव्हा त्यांना ते सहन होईना. "आण हिकडं," ते म्हणाले. दोन्ही टोकं त्यांनी अंगठ्यावर फुलीसारखी ठेवली, एक वेढा दिला, ओढलं. मागावर तुटलेलं सूत जोडतात तशी, इतकी बारीक गाठ, की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. मग त्यांनी ती स्वतःच तोडली आणि दोरा माझ्या हातात दिला.

"आता तू."

मी प्रयत्न केला. जमलं नाही.

"डाव्या हाताचा अंगठा कशाला दिलाय देवानं? दाब त्यानं. असं न्हाई. असं." त्यांनी माझा अंगठा धरून जागेवर ठेवला. हात कोरडा होता, आणि बोटांत अजून ताकद होती. गाठ पुन्हा सुटली. त्यांनी रेहानाकडे बघून मान हलवली आणि मग माझ्याकडे, अशा शुद्ध तुच्छतेने, की शार्दूल ओकही लाजला असता.

"कुणाची पोर गं तू?" त्यांनी विचारलं. "बापानं काईच शिकीवलं न्हाई व्हय तुला?"

"शिकवताहेत की," मी म्हणाले आणि दोरा पुन्हा अंगठ्यावर घेतला.